अणू विसावेपर्यंत

लाल पट्टी दिसत नव्हती. भिंतीतल्या विजेच्या बटणाच्या वरच्या अंगाला, बटण खाली दाबलं की उघडी पडते ती, नखाएवढीही नसलेली पट्टी… शेजारच्या, टेबलावरच्या दिव्याच्या बटणाला ती होती, आणि ह्याच्यावर नुसता पांढरा, बोटं लागून लागून पिवळट झालेला प्लास्टिकचा उतार. श्रीधर वाकून बघत राहिला. खाली हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या मोठ्या छपराखाली, चहा पिऊन तो नुकताच वर आला होता, चपला दाराबाहेर होत्या, किल्ली अजून हातात होती, आणि खोलीत पाऊल टाकतानाच काहीतरी कमी आहे असं वाटलं होतं. काय कमी आहे हे कळायला त्याला पलंगाच्या कडेपर्यंत यावं लागलं. आवाज. टेबलाखालच्या काळ्या पेटीचा आवाज नव्हता.

ती पेटी म्हणजे त्याच्या मुलीचा, शुभाचा कॉम्प्युटर. विद्यापीठातल्या मोठ्या यंत्रांवर रांग असते, आपला नंबर कधी लागेल सांगता येत नाही, म्हणून तिनं तो कुणा मायदेशी परत जाणाऱ्या मुलाकडून घेऊन इथं, परदेशात, क्लेमेंटीच्या ह्या भाड्याच्या खोलीत, टेबलाखाली ठेवला होता, आणि गेल्या आठवड्यापासून त्यात तिचं एक गणित रात्रंदिवस चाललं होतं. आज संध्याकाळी त्याचं उत्तर तिला तिच्या प्रोफेसरांना पाठवायचं होतं. उत्तर गेलं तर संशोधनाचा पेपर पुरा होणार, पेपर पुरा झाला तर विद्यापीठातली नोकरी पुढे चालू राहणार. नाहीतर इथं राहण्याचा पास संपणार आणि शुभा सामान बांधून पुण्याला येणार. हे सगळं तिनं परवा जेवताना सांगितलं होतं, रिकाम्या ताटात बोटानं रेघा काढत, आणि ‘पुण्याला येणार’ ह्या शब्दांपाशी श्रीधरनं मान खाली घातली होती, तिला चेहरा दिसू नये म्हणून.

बटणाच्या वर, भिंतीला, तिनं कागद चिकटवला होता. बंद करू नका. मोठी अक्षरं, सुटी सुटी, त्याच्यासाठी काढलेली. पुण्याहून आल्या दिवशी त्यानं ती बोट ठेवून वाचली होती, दुसऱ्या दिवशी बोट न ठेवता, आणि मग… मग वाचली नव्हतीच बहुतेक. अक्षरं येत नव्हती तेव्हा भिंतीवरची प्रत्येक पाटी त्याला अडवायची, ह्यात काय लिहिलं असेल म्हणून तो थबकायचा; येऊ लागल्यावर पहिली काही वर्षं दिसेल ते वाचायचा, दुकानांची नावं, औषधांच्या बाटल्या, रद्दीचे कागद; आणि आता, म्हातारपणी, इतर लोकांसारखाच तो वाचूनही न वाचल्यासारखा पुढे जायला शिकला होता. कागद तिथंच होता. त्याच्याखाली बटण बंद होतं.

मी केलं?

त्यानं आठवून पाहिलं. सकाळी शुभा लवकर गेली, तो झोपेत होता, दार लागल्याचं तेवढं कळलं. मग उठला, तोंड धुतलं, खिडकीबाहेरच्या बांबूवरचे कपडे चाचपले, ओलेच होते. मग शर्ट घातला. मग बटणं. घराबाहेर पडताना सगळी बटणं बंद करत जायचं ही त्याची जन्माची सवय, पंखा, दिवा, गॅस, नळ, आणि ती करताना तो कधीच तिथं नसतो, हात करतात. आज हातांनी पंखा बंद केला होता, हे नक्की, कारण आत्ता पंखा बंद होता. दिवा बंद केला नव्हता, त्याची लाल पट्टी दिसते आहे. मग शेजारचं बटण तेवढं कसं…? की शुभानंच जाताना केलं? गणित संपलं असेल, तिनं बघितलं असेल, बंद करून गेली असेल. ‘संपलं की आपोआप शांत होईल,’ असं ती म्हणाली होती. म्हणजे शांत होणं ही चांगली खूण. पण बटण आपोआप बंद होत नाही. आणि ती बंद करून गेली असती तर कागद काढला असता. की घाईत राहिला असेल? आणि मी केलं असलं, तर मी केलं तेव्हा आवाज होता का? तेव्हा ते चालू होतं, की आधीच संपून शांत झालेलं मी नुसतं…? आवाज आठवत नव्हता. डाव्या कानानं त्याला कमी ऐकू यायचं, आणि बटण डाव्या हाताला होतं.

तो पलंगावर बसला. बाहेर कोकीळ ओरडत होता, इथं तो बारा महिने ओरडतो, ऋतू नाही काही नाही. त्यापलीकडून एमआरटीची, इथल्या मेट्रोची, गाडी वळणावर घासत गेली. इतके दिवस हे आवाज त्याला नीट ऐकू आले नव्हते. काळ्या पेटीच्या घरघरीखाली सगळं दबलेलं होतं.

श्रीधर पुण्यात महापालिकेत चावीवाला होता. सायकलच्या नळीला बांधलेली उंच लोखंडी चावी घेऊन गल्लोगल्ली जायचं, रस्त्यातलं झाकण उघडायचं, चावी खाली सोडून फिरवायची, की एका गल्लीचं पाणी सुरू आणि दुसरीचं बंद. बायका खिडकीतून ओरडायच्या, अहो थांबा की जरा, पिंप भरतंय. तो थांबायचा किंवा नाही थांबायचा. कुणाला वाटायचं मुद्दाम करतो, कुणाला वाटायचं देवमाणूस आहे, आणि खरं म्हणजे तेव्हाही त्याला ठाऊक नसायचं की आज थांबलो ते का आणि काल नाही थांबलो ते का. चावी जड असायची. हात फिरायचे.

अक्षरं त्याला शुभानं शिकवली. ती पहिलीत गेली तेव्हा तो चाळिशीला आला होता; ती पाटीवर काढायची ते तो शेजारी बसून जमिनीवर बोटानं काढायचा, आणि ती मास्तरीण होऊन म्हणायची, अण्णा, पोट बाहेर आलं तुमच्या ‘क’चं. सुरेखा — त्याची बायको — स्वैपाकघरातून हसायची. तेव्हापासून शुभा जे शिकेल त्यातलं थोडं ती त्याला द्यायची, उष्ट्यासारखं. मग ते त्याच्या आवाक्याबाहेर गेलं, आणि तिनं देणं थांबवलं, किंवा त्यानं घेणं. परवा मात्र तिनं पुन्हा त्याला शेजारी बसवून घेतलं होतं, पडद्यावर रंगीत गोळ्यांची एक वडी दाखवली होती, निळे मोठे, लाल लहान, थरावर थर.

“हे बघा अण्णा, अणू.”

“ह्या गोट्या?”

“गोट्याच म्हणा. ह्यांना मी अंदाजानं मांडलंय. खरे ते असे बसत नाहीत. मग प्रोग्राम काय करतो, एकेकावर बाकीच्यांची किती ओढ आहे ते काढतो, आणि ओढ असेल त्या बाजूला त्याला केसभर सरकवतो. सगळे सरकले की परत ओढ काढायची. परत सरकवायचं.”

“कुठवर?”

“कुणावरच ओढ उरत नाही तोवर. रिलॅक्स करणं म्हणतो आम्ही त्याला.”

“रिलॅक्स!” तो हसला होता. “एवढा आरडाओरडा करून? गिरणी बरी.”

“हिशेब पाहा ना किती आहे त्याला. मराठीत… काय म्हणू? विसावणं. अणू विसावतात.”

“आणि हे खालचे? हे हललेच नाहीत.”

“खालचे थर मी धरून ठेवलेत. खाली खूप खोलपर्यंत दगडच आहे असं मानायचं, त्या दगडाचं सोंग ते घेतात. त्यांना हलायची परवानगी नाही.”

“ओढ नाही त्यांच्यावर?”

“आहे ना. पण हलायचं नाही.”

त्याला ते पटलं नव्हतं. ओढ आहे आणि हलायचं नाही, मग हिशेब खरा कसा? पण त्यानं विचारलं नाही, कारण ती पुढे गेली होती, वरच्या थरातल्या एका मोकळ्या जागेवर बाण नेऊन सांगत होती. “इथं एक होता. ऑक्सिजनचा. तो मी काढलाय. तो गेल्यावर बाकीचे कसे सरकून बसतात, तेवढंच तर बघायचंय.” आणि मग तिचा हात माऊसवर तसाच राहिला, आणि त्याचाही गुडघ्यावर, कारण ऑक्सिजन हा शब्द त्यांच्या घरात वर्षभर इतक्यांदा बोलला गेला होता की तो आता नुसता शब्द राहिला नव्हता. सिलिंडर नव्हे, मशीन. भाड्यानं आणलेलं, चाकांचं, सुरेखाच्या पलंगाशी दिवसरात्र घरघरणारं.

…घरघरणारं.

श्रीधर पलंगावरून उठला आणि पुन्हा बसला.

तो आवाज. ह्या पेटीचा आवाज त्याच आवाजाचा होता. हे त्याला आत्ता, ती बंद असताना, कळलं. आणि आल्या दिवसापासून कुठंतरी ठाऊकही होतं, कारण पहिल्या रात्री तो दचकून उठून शुभाच्या गादीकडे बघत राहिला होता, तिचं पांघरूण वरखाली होतंय का ते. सुरेखा गेली तेव्हा मशीन चालूच राहिलं. लोक आले, तिला खाली घेतलं, नेलं, परत आले, आंघोळी झाल्या, आणि मशीन आपलं चालूच, नळी जमिनीवर पडलेली, तिच्यातून वारा येत असलेला. बंद करायचं कुणाला सुचलं नाही, किंवा सुचलं तरी कुणाचा हात गेला नाही. शेवटी त्यानंच केलं. बटण खाली होतं, वर केलं. आणि घर एवढं गप्प झालं की शेजारची बाई काय झालं म्हणून दारात आली.

म्हणजे हात तेव्हाचे होते का, आजचे? आज सकाळी ह्या आवाजाशेजारी उभा असताना हातांना वाटलं का, की हे कुणीतरी बंद करायला हवं?… की नुसतीच सवय? की… इथं तो थांबला. तिसरी गोष्ट होती, ती परवा जेवताना मान खाली घातली तेव्हापासून होती. शुभाचं गणित अडलं तर शुभा घरी येईल. एवढीच. वाईट म्हणावी तर वाईट नाही, आपलं माणूस घरी यावं असं कुणाला वाटत नाही? पण आज, लाल पट्टी नसलेल्या बटणासमोर, ती वेगळी दिसू लागली होती. घरात शिरलेल्या माणसानं ओळख द्यावी आणि आपल्याला नाव आठवू नये, तशी.

मी मुद्दाम केलं असेन, आणि मलाच सांगितलं नसेल… असं होतं? असं करता येतं माणसाला?

त्यानं मोबाइल उचलला. शुभाचा नंबर दाबला, एक घंटा जायच्या आत तोडला. काय सांगायचं होतं? बंद झालं? बंद केलं? बंद आहे? प्रत्येकाचा अर्थ वेगळा, आणि ह्यातलं खरं कुठलं ते ठरल्याशिवाय तोंड उघडावंसं वाटेना. तो भिंतीपाशी गेला. बटणाकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, आणि मग — आणि हे त्याला नंतर नीट आठवलं, ह्या वेळी तो तिथं होता — त्याच्या बोटानं बटण खाली दाबलं. टक. लाल पट्टी आली.

पेटी मात्र सुरू झाली नाही. तिला तिचं वेगळं बटण असतं, ते त्याला माहीत नव्हतं. ती गप्पच राहिली, आणि आता भिंतीवर सगळं जिथल्या तिथं होतं, दोन्ही पट्ट्या लाल, वर कागद. कुणी बंद केलं असं दाखवणारं काही उरलं नव्हतं. असं होईल हे त्यानं दाबताना धरलं नव्हतं. की धरलं होतं? तो हात मागे घेऊन उभा राहिला. पुन्हा बंद करावं का, होतं तसं? पण पुन्हा बंद केलं तर ते आता नक्कीच मी केलेलं असेल…

दार वाजलं. इशिता आत आली. पलीकडच्या खोलीत राहते ती, मुंबईची, शुभासारखंच संशोधन करणारी, पण लहान, अजून शिकणारी. हातात जेवणाची पिशवी होती.

“काका, जेवलात का? चिकन राइस आणलाय, पण तुम्ही खाणार नाही. तुमच्यासाठी वेज बीहून आहे, तांदळाच्या शेवया.” मग ती थबकली. “अरे! एवढी शांतता? शुभाताईचा रन संपला?”

“कुणास ठाऊक.”

तिनं वाकून टेबलाखाली बघितलं. “पार मेलाय हा. संपला तरी दिवा जळतो त्याचा.” ती सरळ झाली. “मी हात नाही लावणार बाबा. तिच्या मशीनला हात लावला तर ती मला बाराव्या मजल्यावरून खाली टाकेल. तापून बंद पडला असणार, सेकंडहँड माल. मेसेज टाकू तिला?”

नको, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं. “टाक,” म्हणाला.

इशितानं उभ्या उभ्या अंगठ्यांनी मेसेज लिहिला, आणि पिशवी सोडेपर्यंत उत्तर आलं. येतेय. एवढंच. “मेले मी,” इशिता म्हणाली, “बातमी देणाऱ्याचा पहिला बळी. खा काका, गार होतंय.”

त्यानं खाल्लं. इशिता बोलत होती, तिच्या गाइडबद्दल, तो कुणाला तरी भर मीटिंगमध्ये काय म्हणाला त्याबद्दल, आणि श्रीधर मान हलवत होता आणि मनात पुन्हा पुन्हा सकाळ मांडून बघत होता: शर्ट, पंखा, दिवा… नाही, दिवा नाही. प्रत्येक वेळी सकाळ जरा वेगळी निघायची. एकदा त्याला स्वच्छ दिसलं, डावा हात जातोय, बटण दाबतोय, आवाज खाली खाली जाऊन थांबतोय, आणि छातीतलं काहीतरी सैल होतंय. पण हे आजचं होतं की त्या दिवशीचं, सुरेखाच्या? बटण वर गेलं की खाली? वर गेलं. पण इथंही बंद करायला वरच करावं लागतं. त्यावरून काही ठरेना.

शुभा आली ती धावत आलेली होती. जिना नव्हे, लिफ्टनंच, पण बसस्टॉपपासून धावत. केस कपाळाला चिकटलेले. ती पाठीवरची बॅग खुर्चीत टाकून जमिनीवर बसली आणि पेटीच्या अंगाचं कुठलंतरी बटण दाबलं. घरघर सुरू झाली. श्रीधरचे खांदे आपोआप वर गेले.

“लाइट गेली होती?” तिनं पडद्याकडे बघतच विचारलं.

“इथं लाइट?” इशिता म्हणाली. “हे काय डोंबिवली आहे?”

“मग तापला असणार. डबडं साला.” टेबलावरून मांडीवर ओढलेल्या कीबोर्डवर तिची बोटं चालली होती, काळ्या पडद्यावर बारीक पांढऱ्या ओळी पळत होत्या. मग थांबल्या. “मधेच तुटलंय. आज सकाळी. अजून विसावले नव्हते.”

म्हणजे संपलं नव्हतं. एक शंका फिटली, आणि श्रीधरला वाटलं होतं तसं बरं वाटलं नाही. इशिता हळूच तिच्या खोलीत निघून गेली, दार लागलं. आता तो आणि शुभाची पाठ. तिनं स्वतःच सगळं ठरवून टाकलं होतं: तापला, डबडं. त्यानं काहीच करायचं नव्हतं. नुसतं बसून राहायचं होतं, आणि ते झालंच असतं, पण ‘आज सकाळी’ हे शब्द त्याच्या मनातून हलेनात.

“शुभा, बटण बंद होतं,” तो म्हणाला. “मी आलो तेव्हा. मीच केलं असणार, दुसरं कोण. मग मी ते परत चालू करून ठेवलं.”

ती वळली. आधी तिनं बटणाकडे बघितलं, मग कागदाकडे, मग त्याच्याकडे. चिडली नव्हती अजून. “चुकून ना? सवयीनं?”

हो, एवढं म्हटलं की संपत होतं. खोटंही ठरलं नसतं.

“ते मला सांगता येत नाही.”

“म्हणजे?”

“सवयीनं केलं असेल. हा आवाज… आईच्या मशीनसारखा आहे, म्हणून केलं असेल. आणि तू घरी यावीस म्हणून…” त्याला वाक्य पुरं करता येईना. “तेही असेल. मी सकाळपासून शोधतोय. सापडत नाही.”

शुभानं कळांवरचे हात काढून घेतले. मग अगदी हळू म्हणाली, “अण्णा, तुम्ही चुकून म्हणाला असतात ना, तर मी दोन शिव्या घातल्या असत्या आणि विषय मिटला असता.”

“हो.”

“आता ह्याचं मी काय करू?”

तिला जवळ घ्यावं असं त्याला वाटलं, पण ज्यानं नुकसान केलं त्यानंच जवळ घ्यायचं, ते तिला कसं वाटेल हे कळेना, म्हणून हात गुडघ्यांवरच राहिले. तिनं डोळे तळव्यांनी दाबले. रडत असेल, किंवा नुसतीच दमली असेल. मग ती पुन्हा पडद्याकडे फिरली आणि पाठमोरीच बोलू लागली, लहानपणी शिकवताना बोलायची त्या सुरात, पण राग होता त्यात, शब्द तोडून टाकल्यासारखे.

“दर पावलाला प्रोग्राम जागा लिहून ठेवतो. कुठला अणू कुठं होता. त्या सापडल्यात. जागा गेल्या नाहीत.”

“मग?”

“पण तिथवर कसे आले ते गेलं. कुठल्या बाजूला किती सरकलो तर ओढ कशी बदलली, त्यावरून तो पुढचं पाऊल टाकत असतो. ते सगळं डोक्यात ठेवलेलं असतं त्याच्या, लिहिलेलं नसतं. ते पुसलं गेलं. आता आहे त्या जागेवरून, काहीच आठवत नसताना, सुरुवात.”

“चालतं तसं?”

“चालवायचं. आधी चाचपडतो. कधी कधी असं तुटल्यावर उलट लवकर बसतो. कधी भलत्याच खड्ड्यात जाऊन बसतो.”

“संध्याकाळपर्यंत होईल?”

“मला काय माहीत अण्णा!” ती ओरडली, आणि पलीकडच्या खोलीतलं इशिताचं फोनवरचं बोलणं बंद झालं. मग शुभानं काहीतरी टाइप करून जोरात शेवटची कळ दाबली, पेटीचा आवाज चढत चढत गेला आणि एका पट्टीत स्थिर झाला. श्रीधर तो ऐकत राहिला. आता तो आईच्या मशीनसारखा आहे हे तिलाही ठाऊक होतं. तिची मान जराशी तिरपी झालेली दिसली, ऐकत असल्यासारखी.

“मी बाहेर जाऊ का? खाली जाऊन बसतो.”

हात मागे करून खुर्चीतली बॅग तिनं उचलली आणि जमिनीवर ठेवली. खुर्ची रिकामी झाली. ती त्याच्यासाठी रिकामी केली, की नुसती बॅग हवी होती, हेही त्याला कळलं नाही, तो बसला.

पडद्यावर एक ओळ आली. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरी. आकडे त्याला वाचता येत होते, पण प्रत्येकाआधी वजाची खूण होती, आणि वजा असला की मोठा दिसतो तो लहान, असं काहीसं असतं, किंवा उलट. चांगलं चाललंय की वाईट, हे त्याला त्या आकड्यांवरून समजेना, म्हणून तो शुभाच्या खांद्यांकडे बघू लागला. तेही हलत नव्हते. तिसरी ओळ आली. आकडा बदलला होता, शेवटाकडचा, अगदी थोडा. हा जिकडे जायला हवा तिकडे जावो, असं त्याच्या मनात आलं. तिकडे म्हणजे कुठं ते माहीत नसताना आलं, इतकं जोरात, की त्यानं खुर्चीची कड धरली. सकाळपासून शोधलेल्या कुठल्याच कारणात हे नव्हतं. आणि त्याला हायसं वाटणार तोच, त्याच्या अगदी पाठोपाठ, नाही गेला तर ती घरी येईल, हेही आलं. ते काही कमी जोरात आलं नव्हतं. त्यानं ते मागे लोटलं नाही, पुढेही घेतलं नाही. दोन्ही बाजूंनी ओढ लागल्यासारखं झालं, आणि तो हलला नाही. पण हे हलायला जमत नाही म्हणून, की हलायचं नाही असं आपणच आत्ता ठरवलं म्हणून, ते ठरण्याआधी चौथी ओळ आली, आणि शुभा पडद्याच्या आणखी जवळ सरकली.